हॉलमधला ख्रिसमस ट्री का खंगला? सावली सोसणारी सूचिपर्णी झाडं आणि उजेडाचा हिशेब

भुसावळच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अराउकेरियाची, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात त्याची, तीन सारखी रोपं घेतली. एक हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवलं, एक पूर्वेच्या ओसरीत, एक अंगणात पश्चिमेच्या भिंतीला. हॉलमधलं लांबुळकं झालं आणि त्याचे खालचे दोन मजले, म्हणजे फांद्यांचे थर, वाळून गळाले. अंगणातल्याचे शेंडे वैशाखात करपले. ओसरीतलं बरं आहे. रोपं देताना नर्सरीवाला म्हणाला होता, ‘सावलीमा बी वाढस, ली जा बिनधास्त.’ आणि वनशास्त्र शिकणारी त्यांची लेक सांगते की फर, हेमलॉक या थंड डोंगरांवरच्या सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांच्या, झाडांची रोपं उघड्या उन्हाच्या पाच टक्के उजेडावर जगतात, मग हॉलमधलंच चांगलं राहायला हवं होतं. चुकतंय कोण?

भाऊ, खोटं कोणीच बोललेलं नाही. नर्सरीवाल्याची सावली म्हणजे त्याची हिरवी जाळी, लेकीची सावली म्हणजे डोंगरावरचं जंगल, आणि तुमची सावली म्हणजे हॉल. शब्द एक, उजेड तीन तऱ्हेचे. आधी हे मोजू या.

मोबाइलमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं एकक, मोजायचं एखादं अ‍ॅप घ्या. ते काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही, पण ढोबळ फरक कळायला पुरतं. मी माझ्या चोपड्याच्या घरी मोजलं होतं. मे महिन्यात भर दुपारी अंगणात आकडा लाखाच्या आसपास. ओसरीत, थेट ऊन नसताना, सहा-सात हजार. हॉलमध्ये खिडकीपासून सहा फुटांवर, पडदा बाजूला करून, अडीचशे. लाखात अडीचशे म्हणजे पाव टक्का झाला. लेकीचे पाच टक्के म्हणजे पाच हजार लक्स, हॉलच्या वीसपट. देवदार-फरच्या ज्या जंगलात शिरल्यावर आपल्याला संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं, तिथेसुद्धा जमिनीवर उन्हाच्या एक ते पाच टक्के उजेड पोचतो. तुमचा हॉल त्याहून काळोखा आहे. आपला डोळा फार लबाड. तो बाहुली मोठी करतो, सरावतो आणि आपल्याला सांगतो की ‘चांगला उजेड आहे की’. झाडाला अशी सोय नाही.

जाता जाता एक. पानांखालच्या सावलीत लक्सचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जरा जास्तच फसवा असतो, कारण वरच्या पानांनी कामाचा लाल आणि निळा उजेड आधीच खाल्लेला असतो आणि खाली हिरवा उरतो, जो डोळ्याला आणि लक्समीटरला ठळक दिसतो. झाडाखाली पाच हजार मोजले तर झाडाच्या दृष्टीने ते थोडे कमीच धरा.

आता ‘सावली सोसणारं’ म्हणजे काय. वनखात्यात आम्ही झाडांची दोन टोकं शिकतो: उजेड मागणारी आणि सावली सोसणारी. आपला साग पहिल्या टोकाचा. सागाचं रोप दाट छायेत ठेवा, पानं मोठी करील, दांडा बारीक होईल, शेंडा मरेल, पुन्हा बुडातून फुटेल, पुन्हा मरेल. चीड हा पाइन तसाच. फर, हेमलॉक, थुनेर म्हणजे यू, ही दुसऱ्या टोकाची. स्प्रूस त्यांच्या जवळपास, देवदार मधला: लहानपणी अर्धी सावली चालते, पुढे ऊन हवं. पण शब्द नीट बघा, ‘सोसणारं’ आहे, ‘आवडणारं’ नाही. फरच्या रोपाला उजेड नको असतो असं अजिबात नाही. त्याचा खर्च कमी असतो, एवढंच.

पान दिवसभर उजेडावर साखर कमावतं आणि दिवसरात्र श्वासात खर्च करतं. ज्या उजेडाला मिळकत आणि खर्च बरोबर होतात, तो त्या झाडाचा किमान उजेड. सागाचं पान मोठ्या कमाईच्या बेताने बांधलेलं असतं, त्यामुळे त्याचा रोजचा खर्चही मोठा. फरच्या सावलीतल्या सुया पातळ, चपट्या, दोन बाजूंना कंगव्यासारख्या पसरलेल्या. एकमेकींवर सावली पाडत नाहीत आणि बसल्या जागी खातात थोडं. शिवाय फर सुया वर्षानुवर्षं टिकवतो. एकदा बांधलेली सुई आठ-आठ वर्षं थोडं थोडं कमावत राहिली की तिचा भांडवली खर्च निघतो. दरवर्षी पानं झडून नवी करणाऱ्याला अंधारात हा धंदा परवडणार नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, कळलं मात्र डोंगरावर. डेहराडूनच्या प्रशिक्षणात आम्हाला उत्तराखंडच्या डोंगरांत चकरात्याच्या वर देवबनला नेलं होतं. उंच फरखाली गुडघाभर उंचीची रोपं होती, वरून चपटी, छत्री उलगडल्यासारखी. खान्देशातून गेलेले आम्ही दोघं-तिघं म्हणालो, चला, तीन-चार वर्षांची रोपं आहेत, नैसर्गिक पुनरुत्पादन छान चाललंय. बरोबरचे फॉरेस्टर हसले. पडलेल्या झाडाखाली चिरडलेलं एक रोप त्यांनी उपटलं, चाकूने बुडाशी सरळ कापलं, थुंकी लावून ओलं केलं आणि भिंग हातात दिलं. बुंधा माझ्या अंगठ्याहून किंचित जाड. वलयं इतकी दाटीने बसलेली की मधली मोजताना डोळ्यांत पाणी आलं. चाळिसापर्यंत मोजली आणि सोडून दिली. ते रोप माझ्याहून वयाने मोठं होतं आणि माझ्या गुडघ्याला लागत होतं. अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या हेमलॉकची तर शंभर वर्षांची रोपं बोटाएवढ्या जाडीची सापडतात.

वरचं झाड पडतं, उजेड आत येतो, आणि हीच रोपं वाढीला लागतात. तशा एका झाडाचा तुकडा त्यांच्या चौकीत ठेवलेला होता. मधल्या गाभ्यात धाग्यासारखी वलयं, मग दोन-तीन वर्षं तशीच, आणि मग एकदम पेन्सिलीच्या रेघेवरून बोटाच्या पेरावर गेल्यासारखी रुंदी. जंगलात सावली सोसणं म्हणजे या उडीची वाट बघणं.

तुम्ही भुसावळचे, रावेर-यावलच्या केळीची बाग पाहिलेली असणार, तर हे पटकन पटेल. घड तयार होईपर्यंत आईच्या बुडाशी पील दबून असतं. घड काढला, खोड कापलं, वर आभाळ उघडलं, की तेच पील महिन्याभरात ओळखू येत नाही. पीलबाग चालते ती याच्यावर. फरक एकच, आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: पिलाला आईच्या कंदातून रसद मिळत असते. फरच्या रोपाला कोणी काही देत नाही. तुमच्या कुंडीतल्या झाडालाही नाही.

मग हॉलमधलं झाड पहिल्या वर्षी का चांगलं दिसलं? कारण ते जाळीखाली, हॉलच्या शंभरपटीहून जास्त उजेडात वाढलं होतं. साठवण होती, चांगल्या सुया होत्या. घरी आल्यावर ते पुंजीवर जगलं. खंगायला लागलं ते पुंजी संपल्यावर. इथे झाडाच्या आकाराचीही गोष्ट आहे. वीतभर रोपात पानांच्या मानाने खोड आणि मूळ कमी असतं. झाड चार फुटांचं झालं की न कमावणारी तोंडं वाढतात, खोडाची साल, मुळं, फांद्या, सगळ्यांना खायला लागतं. म्हणून एकाच जातीच्या लहान रोपाला जेवढा उजेड पुरतो तेवढा मोठ्याला पुरत नाही. जंगलातही वीतभर उंचीची रोपं भरपूर दिसतात आणि छातीएवढी मोजकी. लेकीने वाचलेला पाच टक्क्यांचा आकडा लहान रोपांचा आहे, आणि तोही तगून राहण्याचा. वाढीचा आकडा वेगळा, कित्येक पट वर.

खालचेच मजले आधी का गेले, हेही यातच आलं. सगळ्यात कमी उजेड त्यांना, आणि त्यांचा खर्च निघेनासा झाला की झाड त्यांना पोसत नाही. अराउकेरियाचा गळालेला मजला पुन्हा फुटत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. खत द्या, संजीवकं फवारा, काही करा.

जंगलातला फर उजेड कमी झाला की शेंडा आवरतो आणि बाजूच्या फांद्या आडव्या पसरवतो, म्हणून ती छत्री. आमच्यात यावरून उजेड ताडायची पद्धत आहे: यंदाच्या शेंड्याची लांबी आणि वरच्या आडव्या फांदीची लांबी शेजारी धरा. शेंडा लांब असेल तर झाडाला उजेड पुरतोय. फांदी लांब असेल तर झाड दबलंय. मीटर नसला तरी चालतं. अराउकेरियाला मात्र ही फूटपट्टी तशीच लावू नका, तो अंधारात उलट वागतो, ताणतो. त्याच्याकडे मजल्या-मजल्यांमधलं अंतर मोजा. तुमच्या तिन्ही कुंड्या एकाच वेळच्या आहेत, हे भाग्यच. हॉलमधल्याचं अंतर जास्त आणि फांद्या लोंबत्या, ओसरीतल्याचं कमी आणि फांद्या ताठ असणार, पैज लावतो.

आता मुख्य गोष्ट, जी थंड देशांतल्या माहितीत सापडत नाही आणि आपल्याकडे रोज आडवी येते. पानाचा आणि खोडाचा श्वासाचा खर्च तापमानाबरोबर वाढतो. साधारण दर दहा अंशांना दुप्पट. देवबनच्या फरखाली जूनच्या रात्री अंगावर घोंगडी लागते. आपल्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीही पारा तिशीच्या आसपास, आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या बंद हॉलमध्ये त्याहून वर. म्हणजे तेच रोप, त्याच उजेडात, तिथे कसंबसं भागवेल आणि इथे रोज कर्ज काढेल. उष्णता वाढली की किमान उजेडाची रेघच वर सरकते. म्हणून ‘पाच टक्के’ हा आकडा चकरात्याहून भुसावळला आणायचा तर तो आपोआप मोठा होतो. खान्देशात सावली सोसणाऱ्या झाडाला जास्त उजेड लागतो. विचित्र वाटेल, कारण आपण उन्हाळ्यात झाड आत ओढतो, पण हिशेब तसाच आहे.

मग अंगणातलं का करपलं? ऊन जास्त झालं म्हणून, असं सगळे म्हणतील. अर्धं खरं आहे. अराउकेरिया मूळचा नॉरफोक बेटाचा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या समुद्रातला. तिथे तो किनाऱ्यावर उघड्या उन्हात दिमाखात उभा असतो. पण तिथे पारा तिशीलाही क्वचित टेकतो आणि हवा ओलसर. आपल्याकडे एप्रिल-मेची दुपार म्हणजे बेचाळीस-पंचेचाळीस अंश, कोरडा झोत, आणि तुमच्याकडे वर पश्चिमेची भिंत, जी रात्री नऊपर्यंत भट्टीसारखी धग टाकते. अशा हवेत पाणी वाचवायला सुई आपली रंध्रं मिटून घेते. रंध्रं मिटली की साखर करायला लागणारी हवा आत येत नाही, मग आत येणाऱ्या उजेडाचं काय करायचं, हे तिला कळत नाही. कारखान्यात कच्चा माल नाही आणि इंजिन तर पूर्ण वेगात, तसं होतं, आणि ती आतून जळते. झाडाला ऊन बाधलं नाही, उन्हाबरोबर आलेली धग आणि कोरडेपणा बाधला.

हा धडा मी चारशे कुंड्या घालवून शिकलो. रोपवाटिकेत पोडोकार्पसची रोपं पाऊण सावलीच्या जाळीखाली होती. चैत्रातल्या एका वावटळीत जाळी फाटून अर्ध्यावर आली. मी म्हटलं, सूचिपर्णी झाड आहे, उजेडाने बरंच होईल, सोमवारी बांधू. शुक्रवारची वावटळ, सोमवारी गेलो तर पश्चिमेकडच्या रांगांची पानं फिक्कट पांढुरकी, जणू कोणी ब्लीचिंग शिंपडलं. आठवड्याने ती तांबूस झाली. उत्तरेकडची रांग, जिच्यावर फाटकी का होईना जाळी होती, ती हिरवीगार. बिचारी ती सावलीत बांधलेली पानं होती, पातळ, थोड्या खर्चावर चालणारी. त्यांना तीन दिवसांत उन्हाची सवय होणं शक्यच नव्हतं.

कारण सावलीतली सुई उन्हातली सुई होत नाही. ती फार तर थोडी जुळवून घेते. खरा बदल नव्या फुटीत येतो: जाड, आखूड, फांदीवर वर वळलेल्या, मेणचट सुया. फर आणि स्प्रूसमध्ये तर पुढच्या वर्षीचा शेंडा यंदाच्या कळीतच बांधून ठेवलेला असतो. यंदा उजेड दिला तर यंदा कळी मोठी होते, फूट दिसते पुढच्या वर्षी. म्हणून जंगलात विरळणी केल्यावर पहिली एक-दोन वर्षं काहीच होत नाही, उलट सुया पिवळ्या पडतात, आणि नवखा अधिकारी घाबरतो.

उजेड देणं हेच उत्तर, असंही नाही. हिमालयात फरच्या जंगलात मोठी झाडं काढून उजेड केला तेव्हा अनेक ठिकाणी फरची रोपं आलीच नाहीत. आधी उंच तण आलं, त्याने जमीन झाकली, आणि खाली न कुजलेल्या पालापाचोळ्याचा जाड थर, ज्यात कोवळं मूळ मातीपर्यंत पोचत नाही. उजेड सगळ्यांनाच मिळतो, तणालाही. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये म्हणूनच एकेक झाड निवडून काढतात, थोडं थोडं आभाळ उघडतात. लेकीला यावर एखादा चांगला निबंध लिहिता येईल.

तुमच्या तीन कुंड्यांचं आता सांगतो. ओसरीतलं जिथे आहे तिथेच राहू द्या. पूर्वेचं कोवळं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत आणि नंतर मोकळ्या आभाळाचा उजेड, याहून चांगली जागा खान्देशात या झाडाला मिळणं अवघड. कुंडी पंधरा दिवसांनी चतकोर फिरवा, नाहीतर ते एका अंगाला कलेल.

हॉलमधलं आत्ता, उन्हाळ्यात, एकदम बाहेर काढू नका. आषाढ लागू द्या. ढगाळ हवा, दमट वारा, पारा उतरलेला. ढगांतूनही दहा-वीस हजार लक्स सहज मिळतात, म्हणजे हॉलच्या कित्येक पट, आणि धग नाही. आधी पंधरा दिवस ओसरीच्या आतल्या बाजूला, मग ओसरीच्या कडेला, मग श्रावणात उघड्यावर. तोवर त्याला हॉलच्या खिडकीला अगदी टेकवून ठेवा. सहा फुटांवरून एका फुटावर आणलं तरी उजेड कित्येक पटींनी वाढतो. आणि पाणी कमी करा. अंधारात झाड पितं कमी, आपण मात्र सुया सुकल्या म्हणून तांब्याने ओततो. मुळं कुजतात आणि दोष सावलीवर जातो. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी. युरिया तर मुळीच नको. उपाशी माणसाला भूक लागायचं औषध दिल्यासारखं होतं ते.

अंगणातलं पश्चिमेच्या भिंतीपासून सोडवा, एवढंच केलंत तरी निम्मं काम झालं. फाल्गुन संपता संपता त्याच्यावर पन्नास टक्क्यांची जाळी बांधा, मृगाचा पाऊस पडल्यावर काढा. जाळी घेताना दुकानदाराला विचारा: पन्नास म्हणजे पन्नास टक्के ऊन अडवते, पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर अडवते. पुष्कळ जण उलटं समजून पंचाहत्तरवाली ‘जास्त उजेडाची’ म्हणून नेतात. करपलेला मधला शेंडा वाळलेल्या भागापुरताच कापा, हिरव्याला हात लावू नका. बाजूच्या फांदीपासून सरळ झाड करायच्या फंदात पडू नका. अराउकेरियाची आडवी फांदी कलमातही आडवीच वाढते.

मोरपंखीचंही विचारलंय. तिला हे काही लागू नाही, ती उन्हाचीच. सावलीत ठेवली की आतून तपकिरी होत पोकळ होते. पोडोकार्पस मात्र ओसरीत छान चालतो, अराउकेरियाहून जास्त सावली सोसतो. दक्षिण भारतात मूळचा एकच सूचिपर्णी वृक्ष, तो त्याचाच भाऊबंद, केरळ-तमिळनाडूच्या सदाहरित रानांत वाढतो, आणि गंमत म्हणजे त्याला सुया नाहीतच, रुंद पानं आहेत.

सोफ्याशेजारच्या त्या कोपऱ्यात झाड हवंच असेल तर मनी प्लांट ठेवा. आणि हॉलमधल्या अराउकेरियाचा नवा मजला श्रावण-भाद्रपदात ओसरीत फुटेल, तेव्हा त्याचं खालच्या मजल्यापासूनचं अंतर मोजून लेकीला लिहून ठेवायला सांगा; जुन्या अंतराहून ते निम्म्याच्या आसपास आलं की झाड सावरलं समजा.